धुक्याच्या आसऱ्याने

कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा. जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच, डोंगरउतारांवरचे गवत वाळून सोनेरी होते आणि वणव्याच्या बातम्या रोजच्या होतात. पण पॅसिफिक महासागराच्या काठाने रेडवूड वृक्षांची जी चिंचोळी पट्टी आहे, तिथली सकाळ वेगळी उजाडते. थंड समुद्रावरून रात्रीतून धुके आत येते, शंभर मीटरांपर्यंत उंच गेलेल्या झाडांच्या शेंड्यांत अडते, बारीक पानांवर थेंब होऊन साचते आणि टपटप गळू लागते. पावसाचा टिपूस नाही, तरी झाडाखालची जमीन भिजलेली. टॉड डॉसन या शास्त्रज्ञाने उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका रेडवूड जंगलाचा अभ्यास करून १९९८ साली मांडले, की तिथे वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी असे धुक्यातून गळलेले असते. झाडे तोडली, की धुके अडवणारेच कोणी उरत नाही आणि त्यातले बरेचसे पाणी जमिनीपर्यंत पोचत नाही.

या ओलीवर जगणारे जीव पुष्कळ आहेत. आज सकाळी मनात आहे तो त्यातला एक, ज्याचे सगळे आयुष्यच या गळणाऱ्या थेंबांवर बेतलेले आहे. कुजलेल्या पानांवरून, शेवाळलेल्या ओंडक्यांवरून तो सावकाश सरकत असतो. रंगाने पिवळा, कधी हिरवट, कधी तपकिरी, अंगावर कधी काळे ठिपके. लांबी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या वितीहूनही जास्त. ही बिनशंखाची गोगलगाय. तिथले लोक तिला तिच्या रंगावरून आणि आकारावरून ‘बनाना स्लग’ म्हणतात. शास्त्रातले तिच्या वंशाचे नाव एरियोलिमॅक्स. अलास्काच्या आग्नेय टोकापासून मध्य कॅलिफोर्नियापर्यंतच्या दमट किनारी जंगलांत तिचा वावर आहे. सांताक्रूझच्या डोंगरांत तिची एक जात सापडते, ती एकही ठिपका नसलेली, पिवळीधमक. जमिनीवर राहणाऱ्या बिनशंखी गोगलगायींत तिच्याहून मोठी एकच मानली जाते, युरोपातल्या जुन्या जंगलांतली राखाडी-काळी लायमॅक्स. ती तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. ब्रिटनमध्ये ही लायमॅक्स दिसली, की ते रान जुने, मोडतोड न झालेले असावे, असे निसर्गअभ्यासक समजतात. इतक्या मोठ्या, इतक्या मऊ देहाला राहू देणारी जागा एका पिढीत तयार होत नाही.

या गोगलगायीच्या पूर्वजांना शंख होता. तिच्या पाठीच्या पुढच्या भागावर कातडीची एक जाड घडी असते, तिच्याखाली त्या शंखाचा अवशेष म्हणून एक छोटी चपटी पट्टी अजून शिल्लक आहे. शंख सोडून देण्याची ही गोष्ट पृथ्वीवर एकदाच घडलेली नाही. वेगवेगळ्या खंडांत, गोगलगायींच्या वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना ती पुन्हा पुन्हा घडली आहे. त्यामागे कारणे आहेत. शंख बांधायला चुना लागतो, आणि सतत भिजणाऱ्या, आम्लधर्मी मातीच्या जंगलात तो सहज मिळत नाही. शंख वाहायला बळ लागते. शंख असला, की सालीखालच्या फटीत, दगडाच्या चिरेत, उंदराच्या बिळात शिरता येत नाही. शंख गेला आणि हे सगळे लपण्याचे कोपरे तिला खुले झाले.

बदल्यात तिने जे गमावले, ते फार मोठे होते. शंखवाली गोगलगाय कोरड्या दिवसांत आत शिरून दार लावून घेऊ शकते. हिला दारच नाही. हिचे सगळे अंग म्हणजे ओली, उघडी कातडी, आणि त्या कातडीतून पाणी दोन्ही दिशांनी येते-जाते. ओल्या पानांवर नुसती बसून राहिली, तरी ती पायाच्या तळव्यातून पाणी आत घेते. वारा सुटला, की तेच पाणी उडून जाते. आपल्याकडे पावसाळ्यात दारात आलेल्या गोगलगायीवर मीठ टाकण्याची सवय आहे. मीठ तिला भाजत नाही. ते तिच्या उघड्या कातडीतून आतले पाणी बाहेर ओढून घेते आणि ती आपल्या डोळ्यांदेखत आटते. मुलांनी हा खेळ म्हणून करू नये, असे मला मनापासून वाटते.

पाणी धरून ठेवण्यासाठी तिच्याजवळ एकच साधन आहे, तिचा बुळबुळीत स्राव. आपल्याला त्याची किळस येते. पण त्याची घडण पाहिली, की किळस मागे पडते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या इन्ग्रिथ डायरप-ओल्सन यांनी अनेक वर्षे याच गोगलगायीच्या स्रावाचा अभ्यास केला. हा स्राव तिच्या कातडीत आधीपासून पातळ भरून ठेवलेला नसतो. पेशींमध्ये अगदी सूक्ष्म, घट्ट कण तयार होतात, आणि ते कण कोरड्या पुड्यांसारखे बाहेर टाकले जातात. बाहेर आल्यावर ते फुटतात, आतले लांब लांब रेणू उलगडतात, आजूबाजूचे पाणी शोषून आपल्या आकाराच्या कित्येक पट फुगतात आणि क्षणात अंगभर जेलीचा थर होतो. जवळ पाणी मोजके, म्हणून ते साठवायचे नाही, साठवायची ती पाणी धरण्याची शक्ती, ही तिची रीत.

हाच स्राव तिला चालवतो. तिला एकच पाय आहे, पोटाखालचा सगळा सपाट भाग. एकच पाय असला आणि तोही जमिनीला चिकटलेला असला, तर पुढे जायचे कसे? मार्क डेनी या संशोधकाने याच जातीच्या गोगलगायींवर काम करून १९८० मध्ये त्याचे उत्तर मांडले. तळव्याखाली स्रावाचा जो थर असतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट. हलका दाब असेपर्यंत हा थर घट्ट राहतो आणि गोंदासारखा धरून ठेवतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तोच थर मोडून द्रव होतो आणि वाहू लागतो. दाब सरला, की पुन्हा आपोआप घट्ट होतो. तळव्यातून शेपटीकडून डोक्याकडे स्नायूंच्या लाटा सरकत असतात. लाटेखालचा थर वाहतो, त्यामुळे तेवढा भाग पुढे घसरतो. दोन लाटांमधला थर घट्ट असतो, त्यामुळे उरलेला देह जागेवर धरलेला राहतो. निसरडेपण आणि पकड, दोन्ही एकाच पदार्थात आणि एकाच वेळी. उभ्या खोडावर, पानाच्या उलट्या बाजूवर ती पडत नाही ती यामुळे. मात्र ही चाल फार महाग आहे. डेनी यांनीच दाखवले, की तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्याला तेवढेच अंतर कापायला जी ऊर्जा लागते, तिच्या कितीतरी पट ऊर्जा गोगलगायीला सरपटायला लागते, आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंवर खर्चच होत नाही. तो नुसता स्राव तयार करण्यात जातो. तिची प्रत्येक वाट तिने स्वतःच्या अंगातून काढून अंथरलेली असते. तिला मंद म्हणताना हा खर्च आपण कधी धरत नाही.

तिच्या उजव्या बाजूला एक छिद्र असते, श्वासाचे. ते उघडते, मिटते, पुन्हा उघडते. जवळ बसून पाहिले, तर इतक्या निराळ्या देहातही श्वास चालू आहे हे स्पष्ट दिसते. डोक्यावर चार शिंगे, वरची दोन उजेड ओळखणारी, खालची दोन वास आणि स्पर्श घेणारी. एखादे तुटले तर पुन्हा वाढते. शत्रूला तिचा स्राव त्रास देतो, तोंड बधिर करतो. तरी रकून तिला खातात, आणि खाण्याआधी मातीत घोळवून तो स्राव झाकतात असे निरीक्षण आहे. काही साप आणि तिथले मोठे सॅलमँडर तर तिला सरळ गिळतात.

फार कोरड पडली, की ती जमिनीत शिरते, पानांच्या थराखाली अंग आखडून घेते, भोवती स्रावाचे आणि मातीचे वेष्टन करते आणि शरीराचे व्यवहार मंद करून पडून राहते. ओल परत आली, की बाहेर येते. उपास करण्याची ही ताकद तिच्यात आहे, पण तिलाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मातीत किती ओल उरली यावर ठरते.

खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ नाही. गळलेली पाने, अळिंबी, मेलेल्या वनस्पती, प्राण्यांची विष्ठा. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, त्यांनी ती खरवडून खाते. तिच्यातून बाहेर पडते ते मातीत मिसळायला तयार असलेले अन्न. अळिंबीचे बीजाणू तिच्या पोटातून प्रवास करतात. आग्नेय अलास्कात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तिला रानातली रसाळ फळे खायला दिली, तर त्यांच्या बिया तिच्या विष्ठेतून धड बाहेर आल्या. पक्षी बिया दूर नेतात, ती जवळच नेते. पण नेते ती बहुधा ओलसर, सावलीच्या, रुजायला बऱ्या अशा जागी, कारण तिचे स्वतःचे जाणे-येणे तिथेच असते.

प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात. दुसऱ्या गोगलगायीच्या वाटेवरच्या स्रावातून ती तिचा माग काढते. मग दोघी तासन्‌तास एकमेकींभोवती वळसे घेत राहतात. काही जातींत मीलनानंतर एक दुसरीचे इंद्रिय कुरतडून टाकते आणि ते पुन्हा उगवत नाही. हे निरीक्षण शंभर वर्षांपूर्वीचे असले, तरी त्याच्या कारणाबद्दल जीवशास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. नंतर ओंडक्याखाली किंवा पानांत पारदर्शक अंड्यांचा पुंजका घालून ती निघून जाते. पिल्लांची देखभाल नाही, घरटे नाही. अंडी सुकू न देण्याचे काम त्या जागेवर सोडलेले.

याच गोगलगायीला माणसांनी आपले मानल्याचेही उदाहरण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेचे आवार रेडवूडच्या जंगलात आहे. विद्यार्थी तिला फार पूर्वीपासून आपले चिन्ह मानत. प्रशासनाने मात्र अधिकृत चिन्ह म्हणून सागरी सिंह निवडला होता. १९८६ साली विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने कौल दिला आणि कुलपती रॉबर्ट सिन्शायमर यांना गोगलगाय मान्य करावी लागली. बलाढ्य, हिंस्र प्राण्यांची चिन्हे मिरवणाऱ्या त्या देशात तरुण मुलांनी हे करावे, याचे मला फार कौतुक वाटते. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून बनाना स्लगला राज्याची गोगलगाय म्हणून मान दिला. सॅन होजे परिसरात आता इतकी मराठी घरे आहेत, आणि तिथून हेन्री कॉवेलसारखे रेडवूडचे उद्यान गाडीने तासाभराच्या आत. सुट्टीत मुलांना तिथे नेणाऱ्या आईबाबांनी वर झाडांकडे बघून झाल्यावर पाच मिनिटे खाली बघावे. हात मात्र लावू नये. हाताला लावलेले सनस्क्रीन किंवा सॅनिटायझर तिच्या उघड्या कातडीला झेपणारे नसते.

शंख म्हणजे स्वतःपुरते संरक्षण, पाठीवर घेऊन कुठेही जाता येण्यासारखे. ते टाकून दिलेल्या या जीवाचे संरक्षण त्याच्या शरीरात नाहीच. ते कुजणाऱ्या ओंडक्यात आहे, पानांच्या थरात आहे, शंभर मीटर वर धुके अडवणाऱ्या फांद्यांत आहे. गोगलगायीला वाचवायचे, तर गोगलगायीला हात लावून काही होणार नाही. तिच्याभोवतीची ओल शाबूत राहिली पाहिजे. आणि ही ओल कमी होते आहे. आठेक लाख हेक्टरांवर पसरलेल्या मूळच्या रेडवूड जंगलापैकी न तोडलेले, जुने असे जंगल आज सुमारे पाच टक्केच आहे. जेम्स जॉनस्टन आणि टॉड डॉसन यांनी २०१० मध्ये मांडले, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत त्या किनाऱ्यावरच्या उन्हाळी धुक्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी घटले आहे. बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचे सर्वांत जुने राज्य उद्यान, १९०२ सालचे. ऑगस्ट २०२० मध्ये विजांमुळे पेटलेल्या वणव्यात ते जवळजवळ सगळे होरपळले. रेडवूडच्या जळक्या खोडांना नंतर हिरवे कोंब फुटले, ती झाडे आगीला पुरून उरणारीच आहेत. पण पानांचा जाड, भिजका थर पुन्हा जमायला फार काळ जावा लागतो.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये माउंट कापुटार नावाचा एक विझलेला ज्वालामुखी आहे. भोवती कोरडी मैदाने, आणि वर डोंगरमाथ्यावर थोडे दमट, थंड रान. त्या माथ्यावर भडक गुलाबी रंगाची, वीस सेंटिमीटरपर्यंतची गोगलगाय राहते, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने संकटग्रस्त म्हणून नोंद केली, ती एकट्या गुलाबी गोगलगायीची नाही. त्या डोंगरावरच्या सगळ्या गोगलगायींच्या समुदायाची आणि त्यांच्या अधिवासाची एकत्र नोंद केली. हे मला फार शहाणपणाचे वाटते. २०१९-२०च्या भयानक वणव्यांत तो डोंगरही जळला. नंतर पाऊस पडला, तेव्हा वनरक्षकांना सुमारे साठ गुलाबी गोगलगायी जिवंत दिसल्या. खडकांच्या खोल चिरांत शिरून त्या वाचल्या असाव्यात. शंख असता, तर त्या चिरांत शिरता आले असते का?

आपल्याकडे गोगलगाय म्हटले, की आधी नुकसान आठवते, आणि ते खोटे नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडच्या शेतकऱ्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात नाहीशी होताना पाहिली. दुबार, तिबार पेरणीची वेळ आली. ती शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये कोणी हौसेने कोलकात्यात आणली आणि तिथून ती पसरत गेली. पावसाळ्यात आपल्या पायरीवर, कुंडीखाली, मोरीत दिसणारी चपटी, काळपट शेंबी गोगलगायही आफ्रिकेतूनच आलेली. शेतकऱ्याने पिकावरच्या गोगलगायी वेचून नष्ट कराव्यात यात चूक काहीच नाही. पण रोज डोळ्यांपुढे असणाऱ्या या दोघी माणसाच्या सामानाबरोबर आलेल्या, कुठेही निभावून नेणाऱ्या आहेत. सह्याद्रीच्या रानातल्या ज्या स्वतःच्या गोगलगायी, त्या आपल्याला ठाऊकच नाहीत. त्या शेतात येत नाहीत, आणि रान गेले तर त्यांना जायला दुसरी जागा नाही.

आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथल्या जंगलातून २०२१ मध्ये गोगलगायीची एक नवी प्रजाती नोंदवली गेली, वराडिया आंबोलीएन्सिस. नुसती जात नवी नव्हे, तिच्यासाठी वराडिया हा अख्खा वंशच नव्याने मांडावा लागला. सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले आहे. ही अर्धशंखी गोगलगाय आहे. पाठीवर शंख आहे, पण इतका छोटा, की सगळे अंग त्यात मावत नाही. शंखापासून बिनशंखापर्यंतच्या ज्या वाटेविषयी वर सांगितले, त्या वाटेवर अर्ध्यात उभी असलेली ही आपली आंबोलीकर. आंबोलीला दरवर्षी हजारो माणसे धबधब्याखाली भिजायला जातात. ती माणसे ज्या रानातून जातात, तिथेच हिचे घर.

देवरायांतून, कोयनेच्या आणि राधानगरीच्या रानांतून अजून किती अशा असतील, त्याचा शोध तरुण मुलांनी घ्यावा असे फार वाटते. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. जूनच्या पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर, ऊन वर येण्याआधी, भल्या सकाळी रानात जावे. हातांना राख, तेल किंवा साबण लागलेला नसावा. पडलेल्या ओंडक्याची एक कड हलकेच उचलावी, खाली जे असेल त्याचे चित्र काढावे किंवा फोटो घ्यावा, जागा आणि तारीख लिहून ठेवावी. आणि ओंडका जसा होता तसाच, त्याच खाचेत, परत टेकवावा.